आईच्या नावाचा रकाना

माझ्या यादीतली सगळ्यात सोपी ओळ होती ‘लेकीचा जन्मदाखला’. तिच्यापुढे मी सगळ्यात आधी बरोबरची खूण केली होती, कारण दाखला घरातच होता. बाबांनी आजारी पडायच्या आधीच तो लॅमिनेट करून लोखंडी कपाटात, घराच्या कागदांच्या वर ठेवला होता. आमच्या घरात एखादा कागद लॅमिनेट झाला की तो कायमचा निकालात निघतो. त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही.

मी त्याचा फोटो काढून बायकोला इंग्लंडला पाठवला आणि पुढच्या ओळीकडे वळलो. थोड्याच वेळात तिचा फोन आला.

“एक विचारू? ही बाई कोण?”

“कुठली बाई?”

“जिला माझी मुलगी झालीय, ती.”

मी दाखला हातात घेतला. जन्मतारीख बरोबर, दवाखाना बरोबर, माझं नाव बरोबर. आईच्या नावाच्या रकान्यात मात्र बायकोचं लग्नातलं नाव होतं.

नावं मी इथे लिहीत नाही, पण भानगड सांगायला हवी. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, पहिलं नावही बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. नाव आईने आधीच ठरवलं होतं, मी फक्त लिहिलं. त्या दिवसापासून जबलपूरच्या घरात बायको त्या नावाची झाली. डिग्री, पासपोर्ट, नोकरी, लग्नाची नोंदणी या सगळीकडे ती माहेरच्या पहिल्या नावाचीच राहिली. दोन्ही नावं आपापल्या जागी सुखाने नांदत होती आणि कधी एकमेकांसमोर आली नव्हती. लेक झाली तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवर बाळाच्या आईचं नाव विचारलं. तिथे माझी आई उभी होती. तिने आपल्या सुनेचं नाव सांगितलं. दुसरं कुठलं सांगणार?

“आता?” बायकोने विचारलं. ती हसत होती, पण फार वेळ नाही.

आम्ही दोघं बरीच वर्षं इंग्लंडात होतो. मी एका गोदामात मालाच्या ये-जाचं नियोजन बघायचो, ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दोघांनाही तिथे कायम राहण्याची परवानगी मिळालेली. चाळिशी जवळ आली तेव्हा लेकीची चाहूल लागली. बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला ती जबलपूरला माझ्या आईकडे आली. लेक महिन्याची होते न होते तोच बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी नोकरी सोडून आलो. पुढे बायकोची रजा संपत आली, तेव्हा आम्ही एका कागदावर दोन बाजू आखून प्रश्न सोडवला. तिकडचं घर टिकवायला एका नोकरीची गरज होती आणि बाबांना उचलून बसवायला एका माणसाची. पाळ्या बदलणारी नोकरी आणि एवढंसं मूल हे तिला एकटीला जमणारं नव्हतं. ती गेली, लेक माझ्याजवळ राहिली. थोडेच महिने, असं आम्ही दोघंही म्हणालो होतो.

बाबा त्यानंतर तीन वर्षांच्या वर जगले. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तिकडचा नियम असा की कायमची परवानगी असलेला माणूस सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिला, की परवानगी संपते. मला तारीख माहीत होती. तिच्या आत आठवडाभर जाऊन यायचं तिकीटही काढलं होतं. नेमका तेव्हाच बाबांना न्यूमोनिया झाला आणि मी तिकीट रद्द केलं. आता मला ‘परत येणारा रहिवासी’ म्हणून नव्याने अर्ज करायचा होता. का गेलो, का थांबलो, तिथे माझं अजून काय आहे, हे सगळं कागदांनी दाखवायचं होतं.

लेकीचा अर्ज वेगळा. शेजारपाजारचे म्हणायचे, आईबाप तिकडचे तर पोरगीही तिकडचीच. तसं नसतं. तिचा जन्म जबलपूरचा, आमचे दोघांचे पासपोर्ट भारतीय, म्हणून तीही भारतीय. आईजवळ राहायला जायचं तर तिला रीतसर परवानगी हवी, आणि ती मिळायची तर ही आपली आई आहे हे कागदावर दिसायला हवं. तिचा पासपोर्टही अजून काढलेला नव्हता. माझ्या फाइलीत बाबांचे दवाखान्याचे कागद होते, मृत्यूचा दाखला होता, तिकडच्या घराचे, बँकेचे, कराचे कागद होते. सगळ्यांवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. आणि या इमारतीच्या सगळ्यात खालच्या विटेवर माझी लेक भलत्याच बाईची होती.

दुसऱ्या दिवशी मी नगर निगमच्या जन्म-मृत्यू कक्षात गेलो. खिडकीतल्या बाबूंनी दवाखान्याकडून आलेला कागद शोधला. माहिती देणाऱ्याच्या जागी आईची सही होती.

“माताजी हैं?”

“जी, हैं.”

“तो उनका शपथपत्र लगेगा, कि नाम गलत लिख गया. आप दोनों का भी. शादी का प्रमाणपत्र, पासपोर्ट की कॉपी. हो जाएगा.” त्यांनी लॅमिनेट केलेला दाखला बोटांत धरून उजेडात बघितला. “और भैया, अबकी बार ये मत करवाना.”

मी तिथून थेट कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो आणि तिन्ही मसुदे तयार करून घेतले. बायकोचा तिला पाठवला. तिला तो तिथल्या आपल्या वकिलातीत सही करून परत धाडायचा होता. आईचा मसुदा घरी आणला. दुपारी ती मटार सोलत बसली होती, लेक तिच्या मांडीला टेकून दाणे खात होती. मी कागद पुढे केला. काम दोन मिनिटांचं आहे असं माझं मत होतं.

आई आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होती. ती कोणताही कागद सही करण्याआधी वाचते.

“‘त्रुटिवश गलत नाम लिखा दिया,’” तिने मोठ्याने वाचलं. “काहून गलत?”

“सरकारी भाषा असते, आई.”

“भाषा राहू दे. गलत काय आहे ते सांग. हे तिचं नाव नाही?”

“पासपोर्टवर नाही.”

“मग पासपोर्ट गलत.”

तिने कागद सालांच्या ढिगाजवळ ठेवला आणि पुढची शेंग उचलली. “मी खोट्यावर सही करत नाही. चलो, हटव हे, ओलं होऊन राहिलं.”

मी अशा वेळी जे करतो तेच केलं. शब्द बदलले. ‘गलत’ काढून ‘अनजाने में’ घातलं. आईने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “अनजाने में कशाला? मला चांगलं माहीत होतं.” मग मी ‘भूलवश’ करून आणलं. तेही परत आलं. टायपिस्ट मला ओळखायला लागला. लांबून बघितलं की तो फाइल उघडूनच ठेवायचा. रजिस्टरात जुनी नोंद खोडत नाहीत, बाजूला दुरुस्ती लिहून साहेब सही करतात, हेही मी बाबूंना विचारून आलो आणि आईला सांगितलं. “बरं,” ती म्हणाली, आणि सही केली नाही.

रविवारी ताई आली. ती खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहते. भाऊजी तिथे कारखान्यात आहेत. ताईने स्कूटर लावली, आणि ती हेल्मेट काढत असतानाच मी तिला तिसरा मसुदा दाखवला.

“तू काय करून राहिला हे?” ती म्हणाली. “शब्द कसले बदलतो? नावाचं नाहीच ते.”

“मग कशाचं?”

“सही झाली की पोरगी जाते. एवढ्या याद्या करतो, हे नाही कळलं तुला?”

खरंच कळलं नव्हतं. माझ्या हिशेबात आईला सगळं मान्य होतं, कारण तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. मी आत गेलो आणि आईला सरळ विचारलं, लेकीने जाऊ नये असं तुला वाटतं का?

“असं म्हटलं का मी?” तिने माझ्या फाइलीकडे बोट केलं. “मला एक सांग. या सगळ्यात मी कोणत्या पानावर आहे?”

मी प्रामाणिकपणे पान काढलं. त्यावर तिच्या औषधांच्या वेळा होत्या, बीपी आणि साखर तपासायचा वार होता, डॉक्टरांचा नंबर होता.

“अच्छा,” आई म्हणाली. “म्हणजे मी गोळी आहे.”

ताई मागे दारात उभी होती. तिला हसू आलं. मग ती म्हणाली की भाऊजी आता लवकरच रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागेल, आणि दोघं भाड्याचं घर शोधताहेत.

“हे तू मला आता सांगतेस?” मी म्हणालो.

“आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, हिला घर पाहिजे.”

“मला असं वाटलं नसतं.”

“तुला नाही. लोकांना वाटतं.” ती आईकडे वळली. “आम्ही इथे आलो तर चालेल का तुला? तुझा जावई सकाळी उठून भजनं लावतो हां, मोठ्या आवाजात. आधीच सांगते.”

“लावू दे,” आई म्हणाली. “मला तसंही कमी ऐकू येतं.” पण तिचा चेहरा अजून सैल झाला नव्हता. मी नवं पान घेतलं, वर ‘आई’ एवढंच लिहिलं आणि पुढे काय लिहावं हे न सुचून पेन ठेवला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. हात पिठाचे म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला होता. मी बाहेरच्या खोलीत लेकीला जेवू घालत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मी बायकोला सहीबद्दल काही सांगितलं नव्हतं. ताईने सांगितलं असणार.

“आई, तुम्ही ठेवलेलं नाव मला खोडायचं नाही,” बायको म्हणत होती. “त्या नावाने हाक मारणारं इथे कोणी नाही. मला ते हवंय.”

“मग हा काय लिहून राहिला गलत गलत?”

“तो सगळंच टाईप करतो. त्याचं सोडा. मागच्या सुट्टीत आले होते ना, तेव्हा पोरीने मला विचारलं, तुम्ही परत कधी जाणार? रागाने नाही हो. पाहुण्यांना विचारतात तसं.”

स्वयंपाकघरात पोळपाटाचा आवाज थांबला होता.

“तू तेव्हा बोलली नाही मला,” आई म्हणाली.

“काय बोलू? तुम्ही तिला इतकं छान वाढवलंय. तुमच्याजवळ तक्रार कशाची करायची?”

“तक्रार करायला मीच आहे तुला,” आई म्हणाली. “दुसरी कुठून आणशील?”

नंतर दोघी पिठाबद्दल बोलत राहिल्या. तिकडचं पीठ चिकट होतं, ही बायकोची जुनी कुरकुर. आई तिला कोमट पाण्याचं काहीतरी समजावत होती. मी लेकीला उरलेले घास भरवले.

सकाळी आई नेसून तयार होती. “चल, तुझ्या त्या टायपिस्टकडे. मी सांगते काय लिहायचं.”

टायपिस्टने तिला स्वतःची खुर्ची दिली. आई शाळेत श्रुतलेखन घालायची त्या आवाजात, थांबून थांबून सांगू लागली. “लिखो बेटा. मेरी बहू के दो नाम हैं. एक नाम उसके माता-पिता ने रखा, जो उसके सब कागज़ों में है. दूसरा विवाह के समय मैंने रखा, जो घर में चलता है. पोती के जन्म पर मैंने घर का नाम लिखाया. दोनों नाम एक ही महिला के हैं. प्रमाणपत्र में अब पहला नाम लिखा जाए. लिख लिया? पढ़ के सुनाओ.”

त्याने वाचून दाखवलं. आईने एका स्वल्पविरामासाठी त्याला थांबवलं, तो घालून घेतला, आणि नोटरीसमोर पूर्ण नावाने सही केली.

“अम्माजी, ये वाला बढ़िया बना,” टायपिस्ट म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “आप भी पहले इन्हीं को ले आते.”

परत येताना आईला खोव्याची जिलबी हवी झाली. मधुमेहाच्या पानाचा विषय मी काढला नाही. तिने अर्धीच खाल्ली, बाकीची लेकीसाठी बांधून घेतली.

तिथून पुढे यादीतल्या ओळींवर भराभर खुणा होऊ लागल्या. बायकोचा कागद तिकडून आला. दुरुस्त दाखला मिळाला, तो मी प्लॅस्टिकच्या साध्या पाकिटात ठेवला. पासपोर्ट झाला. अर्जासोबत जोडायच्या पत्रात दोन नावांबद्दल एक परिच्छेद लिहायचा होता. मी रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यावर बसलो, ताट, तांदूळ, अंगठी सगळं घातलं आणि बायकोला पाठवलं.

“तांदूळ काढ,” ती म्हणाली. “त्यांना वाटेल जेवणाचं चाललंय.”

शेवटी तीन वाक्यं उरली. आईच्या शपथपत्राचं भाषांतर करून जोडलं. त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं. माझं स्वतःचं पत्र मला सगळ्यात जड गेलं. बाबांना कसं उचलायचो, कोणत्या महिन्यात ते पुन्हा दोन शब्द बोलायला लागले होते, हे लिहायचं की नाही? मी लिहिलं, मग निम्मं काढलं. तारखा ठेवल्या. कागदांचे नंबर ठेवले. एक वाक्य मात्र राहू दिलं की मी त्यांना सोडून येऊ शकत नव्हतो आणि आता माझ्या मुलीला तिच्या आईपासून दूर ठेवू शकत नाही.

दिल्लीला आम्ही दोघंच गेलो, मी आणि लेक. आधी टीबीच्या तपासणीला. माझा छातीचा एक्स-रे झाला, तिला डॉक्टरांनी फक्त तपासलं. मग व्हिसा केंद्रात. तिथल्या बाईंनी माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले. लेकीने फ्रॉकला पुसून दोन्ही हात पुढे केले.

“तुम्हारे नहीं लेंगे बेटा, तुम छोटी हो,” त्या म्हणाल्या. “बस फोटो.”

ती फोटोत गाल फुगवूनच बसली. गाडीत बसल्यावर तिने मला विचारलं, “पप्पा, माझे ठसे नाही घेतले तर मला आईकडे कसं पाठवतील?” मी तिला नियम समजावला. तिला तो पटला नाही. घरी आल्यावर तिने आजीच्या कुंकवात बोटं बुडवली आणि माझ्या कोऱ्या कागदांवर दहा ठसे उठवून ठेवले, लागले तर असावेत म्हणून.

मग वाट बघणं आलं. मला वाट बघता येत नाही, मी त्याचीही कामं करतो. ताईचं सामान हळूहळू यायला लागलं. भाऊजींचा भजनांचा स्पीकर सगळ्यात आधी आला. ‘आई’ असं लिहिलेल्या पानावर आईनेच एक दिवस मजकूर लिहिलेला सापडला. उन्हाळ्यात तिकडे महिनाभर यायचं, थंडीत नाही. जाताना पापड कोणते न्यायचे. त्याखाली तिने तारीख घालून सही केली होती. मी तिचा पासपोर्ट नूतनीकरणाला दिला.

उत्तर आलं तेव्हा मी छतावर पाण्याची टाकी धूत होतो. फोनवर दोन मेल होते, एक माझ्या नावाचा, एक लेकीच्या. मी तिचा आधी उघडला. मंजूर. मग माझा उघडला. तोही मंजूर. मी नळ बंद केला, हात पुसले, दोन्ही पुन्हा वाचले आणि बायकोला फोन लावला.

ती कामावर होती. मी सांगितलं. पलीकडे मशिनांची घरघर ऐकू येत होती. ती एकदम घाईत बोलायला लागली.

“तिच्या पायाचं माप पाठव. इथे आता पाऊस आहे, तिला बूट लागतील. शाळेतही विचारतील. मला तिचं माप माहीत नाही. आत्ता पाठव, मी सुटल्यावर दुकानात जाते.”

मी खाली आलो. ताईने जिन्यातच माझा चेहरा बघितला आणि आईला हाक मारली. आईने देवापुढे साखर ठेवली, आम्हा सगळ्यांच्या हातावर घातली, आणि मग जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं.

“ये गं, उभी राहा इथे. हलायचं नाही.”

लेक दोन्ही हात आजीच्या डोक्यावर टेकवून उभी राहिली. आई गुडघ्यांवर बसली. तिला तसं बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. तिने पेन्सिल टाचेपासून सुरू केली, करंगळीला वळवली, अंगठ्याशी आली. लेकीला गुदगुल्या होत होत्या.

“आजी, आई घेणार बूट?”

“आई घेणार.”

“लाल?”

“ते तिला विचार. तुमचं तुम्ही दोघी बघा.”

आईने रेघ पूर्ण केली, मान तिरपी करून बघितलं, आणि पायाच्या पुढे एक बोट आडवं ठेवून आणखी एक रेघ मारली.

“बाहेरची रेघ सांग तिला,” ती मला म्हणाली. “पाय वाढून राहिला पोरीचा.”

मी पट्टी आणायला आत गेलो.